मामंजींची धबधब्याची मोहीम

माझं लग्न दुष्काळाच्या उन्हाळ्यात झालं, त्र्याहत्तर साली. माहेर श्रीगोंदा तालुक्यातलं, कॅनॉलच्या कडेचं उसाचं गाव. पण त्या वर्षी कॅनॉलच्या तळालाही भेगा पडल्या होत्या आणि मांडवाला बांधायला हिरव्या डहाळ्या शोधत हिंडावं लागलं होतं. मोजक्या माणसांत अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवशी मी भिंगारला सासरी आले.

सासर म्हणजे बाजारातल्या एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. त्यात सासरे, सासूबाई, शाळेत जाणारी नणंद आणि आम्ही दोघं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजी फौजेत हवालदार होते. पेन्शन घेऊन घरी आले तरी फौज काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. पहाटे उठून दाढी, बुटांना पॉलिश, अंथरुणाच्या चौकोनी घड्या. आमटीत मीठ कमी असलं तर तेही ते तक्रार नोंदवल्यासारखं उभ्याउभ्या सांगायचे. माझे यजमान छावणीतल्या एका वर्कशॉपात फिटर होते. त्यांना मी त्या काळच्या रीतीप्रमाणे 'हे'च म्हणायची आणि आजही तेच तोंडात बसलंय.

रात्री बायका आतल्या खोलीत झोपायच्या आणि पुरुष बाहेरच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच तशी सोय होती. पण नव्या नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर जागा उरली ती एकच, गल्लीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ. पाणी भल्या पहाटे यायचं आणि करंगळीएवढ्या धारेनं यायचं. घागरींची रांग लागायची. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंना सांगून टाकलं, "आई, ती नवीन आहे, भरलेली घागर तिला एकटीला उचलणार नाही. मी जात जाईन बरोबर." मी माहेरी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा तीन घागरी आणायची. पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

तर आमचा संसार सुरू झाला तो त्या रांगेत. घागर भरायला जितका वेळ जास्त तितकं आम्हाला बरं वाटायचं. दुष्काळाला अख्खी दुनिया शिव्या देत होती आणि मी मनातल्या मनात नळाला म्हणायची, हळूच ये बाबा.

धबधब्याचा विषय तिथंच निघाला.

"तू धबधबा पाहिलायस का कधी?" एके दिवशी ह्यांनी विचारलं.

"आमच्याकडे कॅनॉलचं पाणी पायरीवरून खाली पडतं. तिथं आम्ही धुणं धुतो."

"ते नव्हे गं. कड्यावरून पडणारं. खाली उभं राहिलं की अंगावर नुसते तुषार येतात." शाळेत असताना हे मित्रांबरोबर डोंगरगणच्या बाजूला गेले होते. तिथल्या दऱ्यांत एका ओढ्याचं पाणी कड्यावरून पडतं, तिथले लोक त्याला नुसतं 'धार' म्हणतात. गेली दोन वर्षं तिथं टिपूस नव्हता. "यंदा पाऊस झाला की जाऊ," हे म्हणाले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "दोघंच."

ते 'दोघंच' ऐकून मला इतकी लाज वाटली, की पुढच्या बाईची घागर भरून नळ मोकळा झाला तरी मी जागची हलले नाही. मागून ओरडा झाला तेव्हा कुठं भानावर आले.

त्या साली पाऊस आला आणि बरा आला. बाजारातल्या गल्लीला चिखल झाला, विहिरींना पाणी लागलं, आत्याबाईंनी परातीत पावसाचं पाणी धरून ते तुळशीला घातलं. रेशनच्या दुकानात अजून मिलोच, ती परदेशातून आलेली लाल ज्वारीच, मिळत होती, पण माणसांच्या बोलण्यात हुरूप आला होता. श्रावण अर्धा झाला तेव्हा ह्यांच्या वर्कशॉपातल्या कुणीतरी बातमी आणली, की डोंगरगणच्या दऱ्या वाहायला लागल्या.

आता प्रश्न होता घरी सांगायचं कसं. नवरा-बायको दोघंच फिरायला जातात हे आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. नळावर आम्ही नाना बहाणे रचले. माझ्या मावशीकडे जायचं म्हणून निघावं, तर मावशी राहायची राशीनला, अगदीच उलट्या दिशेला. नवस फेडायला म्हणावं, तर आत्याबाई विचारणार, नवस कधी बोललीस? शेवटी हे म्हणाले, "मी सरळच सांगतो. काय, खातात काय मला?"

त्या संध्याकाळी मामंजी आणि हे जेवायला बसले होते. मी चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होते. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी कडेला चिरते, म्हणून जपून थापावी लागायची.

"रविवारी जरा डोंगरगणला जाऊन यावं म्हणतो," हे म्हणाले. "धबधबा वाहतोय म्हणे."

मामंजी कांदा चावायचे थांबले असावेत, कारण कुरुम कुरुम आवाज बंद झाला. "कोण कोण?"

मी भाकरी थापायची थांबले. आत्याबाई वाढायच्या थांबल्या. ह्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, तो गिळल्याचाही आवाज मला ऐकू आला.

"सगळेच," हे म्हणाले. "आपण सगळेच की. आईचं देवदर्शन होईल. तिथं महादेवाचं देऊळ आहे."

माझी तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तोंडातून अक्षर काढलं नाही. "बोल की काहीतरी," हे म्हणाले.

"काय बोलू? सगळेच ना आपण?"

"माझी जीभच वळली नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला राग धरून बसणं जमेना.

इकडे मामंजींनी मोहीम हातात घेतली. हा शब्द त्यांचाच. 'सहल' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "असं उठलं अन् निघालं, असं चालायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "डोंगर आहे, पाणी आहे, बाईमाणूस बरोबर आहे. बंदोबस्त पाहिजे." आधी रविवार पुढे ढकलला. मग गुरुवारी कमरेला फौजेतली खाकी पाण्याची बाटली अडकवून ते एकटेच कुठंतरी गेले. अंधार पडायच्या सुमाराला आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, पण डोळे कसे लखलखत होते. रेकी करून आले होते. एसटी कुठं सोडते, परतीची शेवटची गाडी कधी, तिथून पायवाट कशी, वाटेत महादेवाच्या देवळापाशी झऱ्याचं पाणी कसं गोड आहे, हे सगळं त्यांनी आम्हाला ओळीनं बसवून सांगितलं.

"आणि धबधबा?" नणंदेनं विचारलं.

"देवळापासून वर चढ आहे. पाणी भरपूर. वाट निसरडी, पण धोका नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "मला न्हाई यायचं. माजं गुडघं हायेत व्हय तसलं, डोंगर चढायला? तुमी जा, मी घर राखते."

"घराला काय होतंय? तू येणार."

"अवं पन..."

"तू नसशील तर मोहीम रद्द," मामंजी म्हणाले आणि बूट काढायला लागले. आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. नवरा आपल्याला कुठं न्यायचा हट्ट धरतो याची त्यांना सवय नव्हती.

मग पादत्राणांची तपासणी झाली. माझ्या चपलांचा अंगठा हलतो म्हणून त्या नापास झाल्या. मामंजींनी ट्रंकेतून ह्यांचे शाळेतले पीटीचे कॅनव्हासचे बूट काढले, त्यांना खडू लावून पांढरे केले आणि पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून माझ्यासमोर ठेवले. "घाला, सूनबाई." लुगड्याखाली बूट! मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "घाल गं, न्हाईतर रात्रभर आपल्याला कवायत शिकवत बसतील."

कवायत चुकली नाहीच. मोहिमेच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला छावणीच्या सरळ रस्त्यानं चालण्याच्या सरावाला नेलं. सगळ्यात पुढे मामंजी, मग नणंद, मग मी, मग डोक्यावरचा पदर सावरत आत्याबाई आणि मागं हे. दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं, रस्ता धुतल्यासारखा. सायकलवरून जाणारे जवान मान वळवून वळवून बघायचे. एकानं तर मामंजींना सलाम ठोकला. त्यांनीही तो घेतला. नणंद लाजेनं अर्धी झाली. मला मात्र त्या बुटांत चालताना मजा यायला लागली होती. पाय असे जमिनीवर नुसते टाकले तरी चालत होते, काटा-खडा बघावा लागत नव्हता.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू भेटल्या. जाड्या, हसऱ्या, कुणाच्याही घरात काय शिजतंय ते वासावरून सांगणाऱ्या. "कुठं गेली होती वरात?" मामंजींनी सांगितलं. "अगं बाई! मग आम्हाला नाही का न्यायचं? आमची दोन्ही पोरं किती दिवस मागं लागलीत," काकू म्हणाल्या. त्यांची पोरं त्या क्षणापर्यंत गोट्या खेळत होती आणि त्यांना धबधब्याचा पत्ताही नव्हता. मामंजी म्हणाले, "यायचं. पण चहाची ड्यूटी तुमची."

दुसऱ्या दिवशी नळावर हे म्हणाले, "आता बँडवाले तेवढे सांगायचे राहिलेत." मी तोंडाला पदर लावून हसले. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझाही राग विरला होता. दोघंच जायचं ते राहिलं, पण घरातून बाहेर पडायचं, एसटीत बसायचं, कड्यावरून पडणारं पाणी बघायचं, याचीच ओढ लागली होती. आत्याबाईंनी सणासाठी राखलेलं गव्हाचं पीठ काढलं. "मिलोची शिदोरी वाटंत मोडतीया," त्या म्हणाल्या. दुधात पीठ भिजवून आम्ही दशम्या केल्या, खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली. कुटताना आत्याबाई गुणगुणत होत्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकत होते.

श्रावण सरता सरता एका रविवारी आम्ही निघालो. टांग्यानं नगरच्या स्टँडवर, तिथून एसटी. शहर मागं पडलं तसा खिडकीतून हिरवा रंग आत यायला लागला. बाजरी कमरेएवढी झाली होती. मागच्या वर्षी ज्या रस्त्यांवर दुष्काळी कामाची खडी फुटत होती, त्यांच्या कडेला आता गवत डुलत होतं. काकूंची पोरं आणि नणंद खिडकीसाठी भांडत होती. हे माझ्यापासून तीन बाकं पुढे, मामंजींच्या शेजारी, पाठ ताठ करून बसले होते.

गाडीतून उतरल्यावर बांधावरच्या एका बाईकडून मामंजींनी काकड्या घेतल्या. मग पायवाट. वाट ओढ्याच्या कडेकडेनं दरीत शिरत होती. दोन्ही बाजूंना काळे कातळ, त्यांच्या फटीफटीतून पाणी झिरपतंय, तेरड्याची फुलं लागलीत. मामंजी दर थोड्या वेळानं थांबून मागं बघायचे आणि सगळे आहेत का ते डोळ्यांनी मोजायचे. आत्याबाईंचे गुडघे कुरकुरले नाहीत. उलट त्याच सगळ्यात सराईतपणे चालत होत्या. आयुष्यभर शेतातून चाललेले पाय ते.

देवळापाशी पोचलो. लहानसं दगडी देऊळ, पुढे पाण्याचं कुंड, वर वडाचं झाड. दर्शन झालं. काकूंनी तीन दगड मांडून चूल पेटवायला घेतली, लाकडं ओली म्हणून धूरच धूर झाला. दूरवरून, डोंगराच्या वरच्या अंगानं, एक सारखा आवाज येत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नुसती मान हलवली. तोच तो.

मामंजी देवळाच्या पायरीवर उभे राहिले. हात मागं बांधलेले.

"ऐका सगळ्यांनी. वर पाणी किती आहे, वाट कशी आहे, हे आधी बघायला पाहिजे. त्याशिवाय लहान पोरं अन् बायामाणसं वर न्यायची नाहीत. आघाडीला एक तुकडी जाईल, पाहणी करेल, परत येऊन रिपोर्ट देईल. मग बाकीचे." त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "तू." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि सूनबाई."

"मीपण!" नणंद ओरडली.

"तुकडी दोघांचीच असते."

आणि आमचे हे! एवढं सगळं पदरात पडत असताना म्हणाले काय, "पण अण्णा, गुरुवारी तर तुम्ही स्वतःच सगळं बघून..."

"गुरुवारचं पाणी गुरुवारी," मामंजी कडाडले. "हुकूम आहे. निघा."

काकू चुलीत फुंकर घालता घालता खोकल्याचं निमित्त करून हसल्या. आत्याबाईंनी नणंदेचा हात धरून ठेवला. आम्ही निघालो, तेव्हा मागून पुन्हा मामंजींचा आवाज आला, आता जरा खालच्या पट्टीतला. "घाई करू नका. नीट पाहणी करा. चहाला वेळ आहे."

पहिल्या वळणापर्यंत आम्ही खरोखरच तुकडीसारखे चाललो, पुढे हे आणि मागं मी. वळण घेतल्यावर ह्यांनी थांबून मागं हात केला. मी तो धरला. लग्नात धरला होता त्यानंतर पहिल्यांदा. वर्कशॉपातल्या कामानं हात खरखरीत झाला होता आणि त्या खरखरीतपणामुळे पकड पक्की बसली. वाट निसरडी होती हे खरंच, पण धोका नव्हता.

धार दिसायच्या आधी अंगावर आली. वाऱ्याबरोबर तुषारांचा एक झोत आला आणि चेहरा भिजला. मग कातळाला वळसा घातला आणि समोर ती दिसली. आता मी मोठमोठे धबधबे पाहिलेत, रांगा लावून, तिकीट काढून पाहिलेत. त्यांच्यापुढे ती धार काहीच नव्हे. पण तेव्हा मला माहीत असलेलं पडणारं पाणी म्हणजे कॅनॉलची पायरी आणि करंगळीएवढा नळ. हे पाणी कुणी सोडलं नव्हतं, कुणाची पाळी नव्हती, रांग नव्हती. ते नुसतं पडत होतं. दोन वर्षं घशाला कोरड पडलेल्या त्या मुलखात ते इतकं उधळलेलं बघून मला रडूच आलं. तुषारांमुळे ते दिसलं नाही, निदान मला तसं वाटलं.

नळाच्या रांगेत आम्ही किती गोष्टी साठवून ठेवल्या होत्या. दोघंच असलो की हे बोलू, ते सांगू. आणि तिथं आवाज एवढा की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. हे काहीतरी म्हणाले. मी कानाला हात लावून मान हलवली. पुन्हा म्हणाले. पुन्हा ऐकू आलं नाही. मग ह्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जीव खाऊन ओरडले. माझं नाव.

घरात मला सगळे सूनबाई, वहिनी, पोरी असंच म्हणायचे, आणि ह्यांचं 'अगं' एवढ्यावर भागायचं. मोठ्यांच्या देखत बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. भिंगारला आल्यापासून माझं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. ते असं कड्यावर आपटून परत आलं. हे पुन्हा ओरडले, मग पुन्हा. पोरासारखे हसत होते. मीही हिंमत केली आणि एकदाच ह्यांचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

मग आम्ही एका सपाट कातळावर बसलो. मी बूट काढून चिंध्या पिळल्या, पाय पाण्यात सोडले. बराच वेळ बसलो असू.

उतरताना देवळाच्या वरच्या अंगाला पोचलो तर खाली वडाखाली मामंजी आणि आत्याबाई दिसल्या. दोघंच. काकू, पोरं आणि नणंद पलीकडे कुंडापाशी, त्यांचा गलका तेवढा येत होता. मामंजी मांडी घालून बसले होते. खिशातल्या चाकूनं काकडीची चकती काढायचे, पुडीतलं मीठ लावायचे आणि आत्याबाईंच्या हातावर ठेवायचे. आत्याबाईंच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. मामंजींच्या समोर त्यांचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नव्हता. त्या हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि मामंजी, जे घरात दोन वाक्यांच्या वर कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत, ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच दोघंही हसले.

हे "अण्णा" म्हणून हाक मारणार, तोच मी त्यांची बाही ओढली. "थांबा ना."

"तुकडी उशिरा आली म्हणतील."

"म्हणू देत."

आम्ही करवंदीच्या जाळीमागं उकिडवे बसून राहिलो. काकूंचा "चहा झाला हो!" असा आवाज आला, तसे खाली आत्याबाईंनी चटकन पदर डोक्यावर घेतला. मग आम्ही मुद्दाम पाय वाजवत उतरलो.

"रिपोर्ट?" मामंजी उठून उभे राहिले.

"पाणी भरपूर आहे," हे म्हणाले. "वाट निसरडी आहे, पण धोका नाही."

"ठीक," मामंजी म्हणाले आणि चहाचा पेला त्यांनी आधी माझ्या हातात दिला.

दशम्या खाऊन सगळी फौज वर गेली. आत्याबाईंचा हात मी धरला होता. धारेसमोर आल्यावर त्या "अगं बया!" म्हणून क्षणभर थबकल्या आणि मग माझा हात सोडून, लुगड्यानिशी, थेट पाण्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. मामंजी काठावरून ओरडत होते, "अगं भिजशील! पडशील!"

"भिजायलाच आलेय न्हवं?" त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही. ओल्या कपड्यांनिशी नगरपर्यंत उभे राहूनच आलो. मामंजींना सडकून सर्दी झाली आणि ती धबधब्यामुळे नाही, एसटीतल्या गर्दीमुळे झाली असं ते आठवडाभर सांगत होते. ह्यांची ड्यूटी, माझा नळ, सगळं पुन्हा सुरू झालं. पुढे काही वर्षांनी आम्ही सावेडीला घर बांधलं. तिथं घरात नळ आले, खोल्या झाल्या, प्रत्येकाला आपापलं दार झालं. मामंजी त्या घरात थोडेच दिवस राहिले. आत्याबाई मात्र पुष्कळ वर्षं होत्या.

पण मला आठवते ती त्या सहलीनंतर आठ-दहा दिवसांनीची दुपार. मी आणि आत्याबाई दारात घेवडा निवडत बसलो होतो. मामंजी पेन्शनच्या कामाला गेले होते. आत्याबाई शेंगेचा दोरा ओढता ओढता एकदम म्हणाल्या, "तुझ्या मामंजींनी मला त्या दिशी काय इचारलं, म्हाईत हाय?"

"काय?"

"म्हनले, मी तिकडं पल्टनीत हुतो तवा तू गावाकडं काय करायचीस? इतक्या वर्सांत पयल्यांदा इचारलं बग. मी म्हनलं, काय करनार, कामं. शेत हुतं, ढोरं हुती. तर म्हनले, ढोरं कोनती? म्हशी दोन हुत्या, त्यातली मारकी कोनती, ह्येबी त्यांना ठावं न्हवतं. वर्साला एकदा सुट्टीवर यायचे, म्हशीकडं कोन बगतंय? मग मी सगळं सांगत बसले. मारक्या म्हशीनं पाटलाच्या चुलत्याला कसं उकिरड्यात पाडलं, त्ये सांगितलं. लई हसले."

त्यांनी निवडलेल्या शेंगा सुपात ढकलल्या, नवी मूठ घेतली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"तुमी दोघं जरा लवकरच आलात गं खाली."